आधी बुटाचं माप, मग बोर्डाची लांबी

स्नोबोर्ड एकच घ्यायचा होता. सकाळी गुडघाभर ताज्या पावडरमध्ये, म्हणजे भुसभुशीत बर्फात, तरंगेल असा, आणि दुपारी तोच बर्फ तुडवला जाऊन ढेकळं झाली, सावलीतला उतार टणक झाला, तरी एज (कडेची धातूची धार) सोडणार नाही असा. अशी मागणी घेऊन बसलं की डोळे आपोआप लांबीच्या आकड्याकडे जातात: १५६ की १६०? मी त्या आकड्याला सगळ्यात शेवटी हात लावला, आणि ज्याला असा बोर्ड घ्यायचा आहे त्यालाही हाच क्रम सांगेन. आधी बूट, मग रुंदी, मग पाय बोर्डावर नेमके कुठे उभे राहणार ते, मग नोज-टेलचा (पुढच्या-मागच्या टोकांचा) आकार आणि कॅम्बर (मधला बाक). एवढं ठरलं की लांबीला फारशी मोकळीक उरत नाही. ती दोन-तीन सेंटिमीटरच्या पट्ट्यात येऊन बसते.

बुटाचा नंबर या कामाला पुरत नाही. माझे बूट मोंडो मापात २७.५, म्हणजे आतला पाय साडेसत्तावीस सेंटिमीटरचा. पण बर्फाला घासतो तो बुटाचा बाहेरचा तळ, आणि एकाच नंबरच्या दोन बुटांत बाहेरून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. म्हणून बूट जमिनीवर ठेवून टाच भिंतीला टेकवली, टोकाशी एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक उभं धरलं आणि भिंत ते पुस्तक हे अंतर मोजलं: ३०.५ सेंटिमीटर. पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर उभा आहे. जुने बूट लवकरच बदलायचे असतील तर आधी बूट घ्यावेत, बोर्ड नंतर.

आता रुंदी. कंपनीच्या मापांच्या तक्त्यात ‘वेस्ट’ म्हणून जो आकडा देतात तो बोर्डाच्या सगळ्यात अरुंद जागेचा असतो, आणि त्या जागी कोणाचाच पाय नसतो. दोन पायांत ५६ सेंटिमीटर अंतर धरलं तर प्रत्येक पाय मध्यापासून २८ सेंटिमीटरवर पडतो. तिथे साइडकटच्या, म्हणजे कडेच्या आत गेलेल्या, वळणामुळे बोर्ड थोडा रुंद झालेला असतो. किती, ते काढायला सोपं आहे: मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग भागिले साइडकटच्या त्रिज्येची दुप्पट. ८ मीटर त्रिज्येला हे एका बाजूला जवळपास ५ मिलिमीटर येतं, दोन्ही बाजू मिळून १०. म्हणजे २५८ मिलिमीटर वेस्टचा बोर्ड पायाखाली २६८ चा.

त्यावर ३०५ मिलिमीटरचा बूट ठेवला की किती बाहेर डोकावतो? पुढचा पाय १८ अंशांना वळवला तर बूट आडवा सुमारे २९० मिलिमीटर जागा घेतो, म्हणजे बोट आणि टाच दोन्हीकडे ११-११ मिलिमीटर बाहेर. मागचा पाय मात्र जवळजवळ सरळ असतो, उणे ३ अंशांना. तिथे बूट जवळपास पूर्ण ३०५ घेतो आणि दोन्हीकडे १८-१८ मिलिमीटर बाहेर येतो. तपासायचा तो हा मागचा पाय. पुढच्या पायाचा आकडा पाहून समाधान मानणारे पुष्कळ जण इथे फसतात. प्रत्येक बाजूला एक ते दोन सेंटिमीटर बाहेर असणं योग्य. अडीचच्या पुढे गेलं की कडक उतारावर बोर्ड जोरात कुशीवर टाकताना बुटाचं टोक बर्फाला टेकतं, एजवरचा भार उचलला जातो आणि बोर्ड क्षणात पायाखालून निघून जातो. उलट बूट बोर्डाच्या आतच राहिला तर एजवर जोर पोहोचवायला पोटऱ्यांना जास्त काम पडतं, एका एजवरून दुसरीवर जायला वेळ लागतो आणि संध्याकाळी पाऊल ठणकतं.

रुंदीला एवढं महत्त्व का, याचं दुसरं कारण पावडरमध्ये आहे. बोर्डाला वर धरतं ते क्षेत्रफळ आणि वेग. दीडशे सेंटिमीटर लांबीभर बोर्ड एक सेंटिमीटरने रुंद केला तर १५० चौरस सेंटिमीटर जागा वाढते. तेवढीच जागा लांबीतून मिळवायची तर २५ सेंटिमीटर रुंद बोर्ड ६ सेंटिमीटरने लांबवावा लागतो. आखूड-रुंद पावडर बोर्डांवर ‘नेहमीपेक्षा ५-६ सेंटिमीटर आखूड घ्या’ असं लिहिलेलं असतं, त्याच्या मागे हेच गणित आहे. ते कळलं की १६४ चा लांबलचक बोर्ड झाडांमधून ओढत नेण्याची गरज संपते.

पण क्षेत्रफळ ही अर्धीच गोष्ट. तेवढ्याच क्षेत्रफळाचे दोन बोर्ड पावडरमध्ये अगदी वेगळे वागतात, कारण ते क्षेत्रफळ पायांच्या पुढे आहे की मागे, यावर सगळं ठरतं. नोज वर राहायला हवं, टेल थोडी बुडायला हवी. ही कल्पना नवीही नाही. १९६५ मध्ये शर्मन पॉपेननी केलेल्या स्नर्फरला, म्हणजे स्नोबोर्डच्या पूर्वजाला, बाइंडिंग (बूट अडकवायची पकड) नव्हतं, नोजला हातात धरायची दोरी होती. त्यानंतर १९७०च्या दशकात युटामध्ये दिमित्रिये मिलोविच यांच्या विंटरस्टिकने टेलला मधोमध खाच देऊन ती पक्ष्याच्या दुभंगलेल्या शेपटीसारखी केली. मागचं क्षेत्रफळ कमी, म्हणून टेल बुडते आणि नोज आपसूक वर येतं. आज टेपर आणि सेटबॅक (पाय मध्यापासून किती मागे) हे दोन शब्द तेच काम सांगतात.

टेपर म्हणजे नोजची कमाल रुंदी वजा टेलची कमाल रुंदी. नोज ३०४ आणि टेल २९२ असेल तर टेपर १२ मिलिमीटर. ट्विन, म्हणजे दोन्ही टोकं सारखी असलेल्या, बोर्डात तो शून्य असतो. पाच ते बारा मिलिमीटरपर्यंत बोर्ड सगळीकडे चालतो, उलट्या पायाने म्हणजे स्विचही बऱ्यापैकी जातो. पंधराच्या पुढे पावडरमधली वळणं लोण्यासारखी होतात, पण टणक उतारावर वळणाच्या शेवटी टेल धरत नाही, निसटते. वीस-पंचवीसचा टेपर हा पावडरच्या दिवसाचा बोर्ड; एकुलता एक म्हणून तो घेऊ नये.

सेटबॅकमध्ये मी सर्वात जास्त वेळ घालवला, कारण तक्त्यातला हा आकडा एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे गेला की अर्थ बदलतो. काही जण तो बोर्डाच्या मध्यापासून मोजतात, काही जण एजचा जो भाग बर्फाला टेकतो त्याच्या मध्यापासून. दोन्हींत तीन-चार सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून दुकानात बोर्ड सपाट टेबलावर ठेवून स्वतः मोजलं. कागदाची एक अरुंद पट्टी घ्यायची आणि नोजच्या बाजूने बोर्डाखाली सरकवायची. हाताने बोर्डाचा मध्य टेबलाला टेकेपर्यंत दाबून धरायचा. पट्टी जिथे अडते तिथे बोर्ड टेकायला सुरुवात होते. तिथे पेन्सिलीने बारीक खूण. टेलकडूनही तसंच. या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे, ढोबळमानाने, कामाची एज. १५७ च्या ज्या बोर्डावर मी थांबलो त्यात नोजपासून २२ सेंटिमीटरवर पहिली खूण पडली, टेलपासून १६ वर दुसरी. मधे ११९. या ११९ चा मध्य नोजपासून ८१.५ वर. बाइंडिंगची शिफारस केलेली जागा मोजली तर दोन पायांचा मध्य ८३.५ वर निघाला.

म्हणजे एजच्या हिशेबाने सेटबॅक २ सेंटिमीटर आणि बोर्डाच्या मध्यापासून पाहिलं तर ५. याचा व्यवहारातला अर्थ फार चांगला आहे. टणक बर्फावर पाय जवळपास एजच्या मध्यावर आहेत, त्यामुळे वळण दोन्ही पायांवर समतोल येतं. पावडरमध्ये सगळं नोज आणि सगळी टेल बर्फात असते, तेव्हा पुढच्या पायापुढे ५५.५ सेंटिमीटर बोर्ड आहे आणि मागच्या पायामागे ४५.५. दहा सेंटिमीटर जास्त पुढे, आणि त्यासाठी मागच्या मांडीवर बसून राहावं लागत नाही. एकाच बोर्डाकडून दोन्ही कामं हवी असतील तर मी इतर सगळ्या आकड्यांआधी हे दोन आकडे पाहीन. एजच्या हिशेबानेच सेटबॅक ४-५ सेंटिमीटर असलेला बोर्ड पावडरमध्ये सुंदर जातो, पण टणक उतारावर वळण सुरू करायला नोज नाखूश असतं. पुढच्या पायावर सतत वाकावं लागतं.

कॅम्बरबद्दल थोडक्यात. पूर्ण कॅम्बर, म्हणजे मध्य उचललेला बोर्ड, टणक बर्फात उत्तम धरतो, पण त्याचा पुढचा टेकण्याचा बिंदू पावडरमध्ये खाली जातो. पूर्ण रॉकर, म्हणजे मध्य टेकलेला आणि टोकं उचललेला बोर्ड, तरंगतो, पण दुपारच्या ढेकळांत पायाखाली भिरभिरतो आणि बर्फाळ आडव्या वाटेवर एज टिकत नाही. मला हवा होता तो मधला प्रकार: नोज पुढच्या पायाच्या थोडं पुढून वर उचललेलं, दोन्ही पायांखाली आणि टेलपर्यंत कॅम्बर. दोन पायांच्या मधोमध रॉकर आणि पायांखाली कॅम्बर असा दुसरा मिश्र प्रकारही मिळतो. तो खेळकर आहे, वळायला सोपा आहे, पण वेगात सपाट चालवताना मध्यावर फिरल्यासारखा वाटतो. तक्त्यातल्या चित्रावर विसंबू नये. बोर्ड टेबलावर ठेवून आडव्या नजरेने पाहिलं की मध्याखालची फट दिसते. ती पाच-सहा मिलिमीटर असेल तर कॅम्बर जिवंत आहे. जेमतेम कागद जाईल एवढीच असेल तर कागदावर कॅम्बर असलेला तो बोर्ड चालताना सपाट बोर्डासारखाच वागेल.

साइडकटची त्रिज्या साडेसात ते साडेआठ मीटर ठीक. साडेसहा-सातच्या बोर्डाला वेगात आणि खोल बर्फात आपणहून वळणात शिरायची खोड असते. बर्फाळ उतार जास्त वाट्याला येत असतील तर एजला लाटांसारखे उंचवटे दिलेले बोर्ड पाहावेत. मर्विन कंपनीचं मॅग्नेट्रॅक्शन त्यातलं ओळखीचं. पकड वाढते हे खरं, फक्त धार लावताना हात जरा सांभाळून चालवावा लागतो.

फ्लेक्स, म्हणजे कडकपणाचा आकडा, दहापैकी सहा घेतला. हा आकडा प्रत्येक कंपनीचा स्वतःचा असतो, एकाचा सहा दुसऱ्याच्या आठाला जाऊन भिडतो, म्हणून हातानेही पाहिलं. टेल जमिनीवर टेकवून मधे दाबल्याने फार काही कळत नाही. त्यापेक्षा नोज दोन्ही हातांत धरून पिळावं, मग टेल पिळावी. नोज थोडं सहज पिळलं गेलं आणि टेल घट्ट राहिली तर या कामाला तो बोर्ड योग्य. ग्लासफायबरच्या जाळीचा यात मोठा वाटा असतो: दोन दिशांची जाळी पिळायला सैल, तीन दिशांची घट्ट. कार्बनच्या पट्ट्या जोर आणि हलकेपणा देतात. पण हलकेपणाच्या मागे मी फार लागलो नाही. दुपारच्या ढेकळांतून जाताना हलका बोर्ड प्रत्येक ढेकळावर उडतो. थोडं वजन असलेला पॉप्लरच्या गाभ्याचा बोर्ड ढेकूळ फोडून पुढे जातो, आणि गुडघ्यांना तो फरक लगेच कळतो.

तळ सिंटर्डच (प्लास्टिकची भुकटी दाबून-तापवून केलेला) घ्यावा. एक्सट्रूडेड (वितळवून ओढलेला) तळ स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा असतो, पण मेण कमी पितो. पावडरमध्ये वेग म्हणजेच तरंगणं; उतार मंदावला आणि तळ कोरडा असला की बोर्ड बुडतो, थांबतो, आणि कमरेएवढ्या बर्फात पाय सोडवून चालत जाण्यासारखी दमवणारी गोष्ट नाही. सिंटर्ड तळाची किंमत मात्र मेण लावून द्यावी लागते, दर तीन-चार दिवसांनी. एजलगत पांढुरके कोरडे पट्टे दिसले की समजावं, उशीर झाला.

आता वजन आणि लांबी. तक्त्यांतली वजनं साधारणपणे साध्या कपड्यांतली असतात, त्यामुळे बूट-बाइंडिंग वेगळं मिळवू नये. पाठीवर फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी), पाणी अशी सात-आठ किलोंची पिशवी रोजच असेल तर ती मात्र धरावी. माझं वजन ७६ किलो. या वजनाला १५८ चा ट्विन, १५६-१५७ चा जरा रुंद डायरेक्शनल (पुढचं-मागचं टोक वेगळं असलेला) किंवा १५०-१५२ चा आखूड-रुंद, असे तीन रस्ते निघतात. तिन्ही भाड्याने घेऊन चालवले. आखूड-रुंद आणि १५७ यांच्या क्षेत्रफळात हिशेबाने फारसा फरक नव्हता, म्हणून तुलना खरी होणार होती.

चालवून पाहण्याचे काही नियम पाळले नाहीत तर तो दिवस फुकट जातो. बूट स्वतःचे. तिन्ही बोर्डांवर कोन आणि पायांतलं अंतर एकच. उतार एकच, आणि प्रत्येक बोर्डावर किमान दोन फेऱ्या, कारण पहिली फेरी आधीच्या बोर्डाची सवय मोडण्यात जाते. सर्वांत महत्त्वाचं, निघण्याआधी एजवर नख ओढून पाहावं. नखाचा बारीक कीस निघाला तर धार आहे. भाड्याच्या बोर्डांची धार बहुतेक वेळा गेलेली असते, आणि बोथट एजवर धरत नाही म्हणून चांगला बोर्ड नाकारला जातो. दुकानात धार आणि मेण करून मागितलं की ते करून देतात.

१५८ चा ट्विन, २५४ वेस्ट, पूर्ण कॅम्बर: तयार केलेल्या उतारावर तिघांत सर्वांत अचूक. पावडरमध्ये चौथ्या-पाचव्या वळणाला मागची मांडी पेटली. ही मांडी म्हणजे मोजपट्टीच आहे. ती दुखायला लागली तर नोज बुडतंय आणि तुम्ही शरीराने सेटबॅक तयार करताय. शिवाय मागच्या पायाला बूट दोन्हीकडे वीस मिलिमीटर बाहेर होता, म्हणजे मर्यादेवर.

१५१ चा आखूड-रुंद, २६८ वेस्ट, टेपर २०: झाडांमध्ये याच्यासारखा बोर्ड नाही. वळ म्हणायचा अवकाश. वेग कमी असतानाही वर राहतो. पण टणक आडवी वाट कापताना कामाची एज आखूड असल्याने सारखा खाली घसरतो, आणि दुपारी उंच उतारावर दोन वळणांमध्ये एज बदलायला लागणारा वेळ जाणवण्याइतका जास्त. ज्याच्याकडे दुसरा बोर्ड आहे त्याने हा जरूर घ्यावा.

१५७ चा डायरेक्शनल, २५८ वेस्ट, टेपर १२: पावडरमध्ये आखूड-रुंदच्या थोडा खाली, टणक बर्फात ट्विनच्या थोडा खाली. दुपारच्या ढेकळांत मात्र दोघांच्याही वर, आणि दिवसातला जास्त वेळ ढेकळांतच जातो. तिथेच निर्णय झाला.

नवा बोर्ड ताब्यात घेताना तो उभा धरून तळावरून नजर टाकली: नोज आणि टेल एकाच पातळीत आहेत की बोर्ड पिळलेला आहे. धातूची सरळ पट्टी तळावर आडवी ठेवून मागे उजेड धरला. पट्टीखालून मधे उजेड दिसला तर तळ खोलगट आहे आणि एज अडकणार. एज आणि साइडवॉलच्या सांध्यावरून नख फिरवलं, कुठे फट लागते का ते पाहायला. प्रत्येक इन्सर्टमध्ये (बाइंडिंगच्या स्क्रूसाठी बोर्डात बसवलेल्या धातूच्या भोकात) एकेक स्क्रू हाताने फिरवला. कारखान्यातून येताना एजचा कोन साधारणपणे तळाकडून १ अंश आणि बाजूने १-२ अंश असतो. तो तसाच ठेवला. फक्त नोज-टेलकडे, टेकण्याच्या बिंदूंच्या पुढची एज गमी स्टोनने, म्हणजे रबरी घासदगडाने, किंचित बोथट केली. बोर्ड कुठेतरी विनाकारण अडकतोय असं वाटणं याने थांबतं.

बाइंडिंग बसवताना सर्वसाधारण चूक डिस्कच्या, म्हणजे बाइंडिंग बोर्डाला जोडणाऱ्या तबकडीच्या, दिशेची होते. डिस्कमधल्या फटी बोर्डाच्या लांबीला समांतर ठेवल्या तर पायांतलं अंतर बारीक बदलता येतं, पण बूट बोट-टाच असा सरकवता येत नाही. मी फटी आडव्या ठेवल्या आणि बूट घालून, पट्टे आवळून, बोट आणि टाच दोन्हीकडचं बाहेर आलेलं माप सारखं केलं. वर केलेला सगळा रुंदीचा हिशेब बूट मध्यावर आहे असं धरूनच आहे. एका बाजूला १० आणि दुसऱ्या बाजूला २६ झालं तर तो वाया जातो. स्क्रू एम-६ चे, आणि पेचकस पोझीड्राइव्ह नंबर ३. साध्या फुलीच्या पेचकसाने डोकी झिजतात. चारही स्क्रू आधी सैल बसवून मग तिरक्या जोड्यांनी आवळायचे, मनगटाच्या जोराने, पॉवर ड्रिलने नाही. जास्त आवळलं की इन्सर्ट वर ओढलं जातं आणि तळावर त्या जागी खळगा दिसतो.

सुरुवातीचे कोन पुढे १८, मागे उणे ३, अंतर ५६. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर आठही स्क्रू पुन्हा तपासले. एक-दोन पाव फेरा फिरतातच, कारण डिस्क दाबाने जागेवर बसते. खोल बर्फाच्या दिवशी दोन्ही बाइंडिंग इन्सर्टच्या एका ओळीने मागे घेतो, म्हणजे २ सेंटिमीटर. इन्सर्ट दोन-दोन सेंटिमीटरवर असतील तरच हे जमतं. चार-चारवर असतील तर उडी मोठी होते. बर्फ तुडवला गेला की लिफ्टखाली थांबून परत पुढे. त्यासाठी खिशात छोटा पेचकस असतो, आणि हे काम हातमोजे काढून दहा मिनिटांत होतं.